दिवा घेतलेली ती बाई गायकवाडांची राणी नव्हे

बडोद्याच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र फिरतंय, खाली मजकूर: ‘राजा रविवर्म्याने रंगवलेली गायकवाडांची राणी’. दोन्ही चूक. चित्र सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं. मूळ म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. चित्रातली ती त्यांचीच मुलगी गीता, पुढे कोल्हापूरच्या गीता उपळेकर. २०१८ साली त्या १०२ वर्षांच्या होऊन गेल्या. रविवर्मा वारला १९०६ मध्ये, तेव्हा त्या जन्मल्याही नव्हत्या! शिवाय हे जलरंगातलं काम. ज्योतीआड धरलेल्या बोटांतून झिरपणारी ती लाली जलरंगात साधायची म्हणजे खाडाखोडीला वावच नाही. रविवर्म्याची ख्याती तैलरंगांची. त्याची अस्सल चित्रं आपल्याच फत्तेसिंह संग्रहालयात आहेत. फॉरवर्ड करण्याआधी तिथे एक चक्कर मारा की!