आईही मला ‘ताई’च म्हणायची

धाकट्या दोघांना सवय लागावी म्हणून आईही मला ताईच म्हणायची. "ताई, बाळाकडे बघ गं जरा." तेव्हा मी सहा वर्षांची. तिने नावाने हाक मारल्याचं फारसं आठवतच नाही.

आता तिला स्मृतिभ्रंश आहे. भेटायला येणारे म्हणतात, "किती करतेस गं आईचं! पांग फेडलेस." चांगल्या मनाने म्हणतात, पण मला ते टोचतं. फेडायला हे काय कर्ज आहे?

भावंडांना आई मिळाली ती सरावलेली. मला मिळाली ती बावीस वर्षांची घाबरलेली मुलगी. मला आंघोळ घालताना हात थरथरायचे, हे तिनेच सांगितलेलं. आई व्हायला ती शिकली ती माझ्यावर. चुकली तीही माझ्यावरच. दार लावून रडायची, तेव्हा बाहेर धाकट्यांना गप्प करत मी बसलेली असायचे. त्याचा राग मी कित्येक वर्षं धरला होता, खोटं कशाला बोलू? म्हणून सांगते, पहिल्या मुलीला उठता-बसता ‘समजूतदार’ म्हणू नका. त्या एका शब्दापायी ती हट्ट करायचं सोडून देते.

राग कधी गेला, कळलं नाही. १९९६ साली अमेरिकी संशोधक डायना बियांकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की बाळंतपणानंतर तब्बल २७ वर्षांनीही आईच्या रक्तात बाळाच्या पेशी सापडू शकतात. हे वाचलं त्या रात्री मी आईच्या उशाशी बराच वेळ बसून होते. तिच्या डोक्यातून मी पुसली जातेय, पण रक्तात कुठेतरी असेनही अजून.

परवा तिची नखं कापत होते. उजव्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं आहे, तिथे नेलकटर तिरका धरावा लागतो. हात माझ्या हातात सैल सोडून ती बसली होती. एकदम म्हणाली, "ताई, तुला आई आहे का गं?"

"आहे ना."

"मग जा घरी. अंधार पडला. वाट बघत असेल ती."

म्हटलं, "जाते. एवढं एक बोट राहिलंय."

तिने करंगळी पुढे केली.