‘नियम तो नियम’ म्हणून त्या मुलींना दोष देऊ नका

महिला फुटबॉलचा विषय निघाला की एक मजकूर हमखास पुढे ढकलला जातो. थोडक्यात तो असा: ‘२०२२ चा आशियाई चषक आपल्याच घरी होता. आपल्या मुलींनी बबल (बाहेरच्यांशी संपर्क न ठेवता राहण्याचं बंधन) पाळला नाही, करोना झाला, नियमाप्रमाणे बाहेर गेल्या. इराणविरुद्ध एक गोल मारता आला नव्हता, पुढे हरल्याच असत्या. आता गळे काढू नका.’ गेल्या आठवड्यात तो आमच्या पालकांच्या ग्रुपवर आला, म्हणून हे लिहायला बसले.

मी नेरुळला मुलींना फुटबॉल शिकवते. २३ जानेवारी २०२२ च्या संध्याकाळी आमच्या चौदा मुली आपापल्या घरी टीव्हीसमोर होत्या. डी. वाय. पाटील स्टेडियम आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, पण ओमायक्रॉनमुळे प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. साडेसातला भारत विरुद्ध चायनीज तैपेई, म्हणजे तैवान. सामना होणार नाही अशी बातमी आली आणि फोनवर एकामागून एक तोच प्रश्न: ‘ताई, मग उद्या आहे का?’ उद्या नव्हताच. भारत स्पर्धेतूनच बाहेर होता.

आता ‘बबल पाळला नाही’ हे बघू. मुलींपैकी कोण कुठे गेली, कधी गेली, याचं एक वाक्य त्या मजकुरात नाही. भारतीय संघाचे प्रशिक्षक थॉमस डेनर्बी यांनी मात्र जाहीरपणे सांगितलं होतं की संघ मुंबईत आला तेव्हा सगळ्यांचे अहवाल निगेटिव्ह होते आणि हॉटेलच्या कर्मचाऱ्यांपैकी सात जण पॉझिटिव्ह निघाले होते. भारतीय फुटबॉल महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष प्रफुल्ल पटेल यांनीही आशियाई फुटबॉल महासंघाला, म्हणजे एएफसीला, पत्र लिहून जाब विचारला होता. संसर्ग नेमका कुणाकडून कुणाला झाला हे मी इथे बसून ठरवणार नाही. पण ज्यांनी खोलीचं दार लावून घेतलं, ताट दाराबाहेरून उचललं आणि नाकात काडी घालून घ्यायला रोज रांगेत उभ्या राहिल्या, त्यांनाच थेट गुन्हेगार ठरवायचं असेल तर निदान काही आधार तरी द्या.

ते दिवसही आठवा. ७ जानेवारीला एकट्या मुंबईत एका दिवसात २० हजारांवर रुग्ण सापडले होते. व्हिएतनामचा संघ स्पेनमधल्या सरावातच करोनाने गाठला आणि पहिल्या सामन्यापर्यंत खेळण्यापुरत्या मुली जमवताना त्यांची दमछाक झाली. जपानची माना इवाबुची इथे येताच पॉझिटिव्ह आली. शिस्तीत जपानच्या पुढे कोण आहे? तोच व्हिएतनाम पुढे पात्रता मिळवून २०२३ चा विश्वचषक खेळला. त्यांच्या आजारपणाला कुणी बेशिस्त म्हटलं नाही, आणि म्हणूही नये.

‘नियमाप्रमाणेच झालं’ हे मात्र खरं आहे, ते मान्य करूनच पुढे जाते. करोनाकाळासाठी एएफसीने विशेष नियम केले होते. त्यातलं कलम ४.१ सांगतं की गोलरक्षक धरून तेरा खेळाडू उभे करता आले नाहीत तर त्या संघाने स्पर्धेतून माघार घेतली असं समजायचं. २३ जणींच्या संघात किमान बारा पॉझिटिव्ह, वर एकदोघी जायबंदी. तेरा होणार कुठून? कागदावर एएफसी चुकली नाही.

पण तोच कागद दुसऱ्यांनी कसा लिहिला तेही पाहा. २०२१ मध्ये झालेल्या पुरुषांच्या युरो स्पर्धेतही आकडा तेराचाच होता. तिथे मात्र तेरा न भरले तर सामना ४८ तासांपर्यंत पुढे नेण्याची सोय होती, आणि तरीही जमलं नाही तर तो एक सामना ०-३ असा गमवायचा. एक सामना, अख्खी स्पर्धा नव्हे. नोव्हेंबर २०२० मध्ये नॉर्वेचा संघ त्यांच्याच आरोग्य खात्याने अडवल्यामुळे रुमानियात पोचला नाही. शिक्षा काय? ०-३. पुढचा सामना ते खेळले.

४८ तासांनी आपल्या बारा जणी बऱ्या झाल्या नसत्या, हे मला कळतं. विलगीकरणच सात दिवसांचं होतं. म्हणून मला व्हेनेझुएलाचं उदाहरण जास्त महत्त्वाचं वाटतं. जून २०२१ मध्ये ब्राझीलमध्ये कोपा अमेरिका ही दक्षिण अमेरिकी देशांची स्पर्धा सुरू व्हायच्या तोंडावर त्यांचा संघ असाच कोलमडला. दक्षिण अमेरिकेच्या संघटनेने बदली खेळाडू घेण्याची मुभा दिली, व्हेनेझुएलाने पंधरा जण तातडीने बोलावले आणि यजमान ब्राझीलविरुद्ध उद्घाटनाचा सामना खेळला. हरले, पण खेळले. त्यांना परदेशात खेळाडू न्यावे लागले. आपण तर यजमान होतो! देशांतर्गत विमानाने चोवीस तासांत डझनभर मुली नवी मुंबईत उतरल्या असत्या. चाचणी करून, निगेटिव्ह असतील त्यांना उभं करता आलं असतं. ही खिडकी नियमात उघडी ठेवायला हवी होती, आणि नियम मान्य करताना आपल्या महासंघानेही ती मागायला हवी होती. माझा राग दोघांवरही आहे.

आणि आफ्रिका! भारत बाहेर पडला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २४ जानेवारीला, आफ्रिकी चषकात कोमोरोस हा चिमुकला बेटांचा देश यजमान कॅमेरूनसमोर उभा राहिला. एक गोलरक्षक जायबंदी, दोघे करोनामुळे बाहेर. तिथला नियम असा की अकरा जण असले तर खेळा, गोलरक्षक असो वा नसो. मग शाकेर अलहादूर नावाचा बचावपटू गोलजाळ्यात गेला. गोलरक्षकाच्या जर्सीवर त्याचा ३ हा आकडा चिकटपट्टीने लावला होता. सातव्या मिनिटाला कर्णधाराला लाल कार्ड, म्हणजे दहाच जण उरले. तरी निकाल १-२ एवढाच लागला. तो नियम आदर्श होता असं मी म्हणत नाही. नवख्या माणसाला गोलजाळ्यात उभं करणं क्रूरच आहे. पण त्या महिन्यात जगात एकच नियम होता, असं तरी कुणी सांगू नये.

‘एवीतेवी हरल्याच असत्या’ याची मला सगळ्यात जास्त चीड येते. ऑक्टोबर २०२१ मध्ये बहारीनमध्ये याच मुलींनी याच चायनीज तैपेईला १-० ने हरवलं होतं. मैत्रीपूर्ण सामना होता, हे खरं. पण तीनच महिन्यांपूर्वीचा होता. नोव्हेंबरमध्ये ब्राझीलमधल्या मनाउसला ब्राझीलकडून १-६ असा मार खाल्ला, तरी आठव्या मिनिटाला मनीषा कल्याणने बरोबरीचा गोल केला होता. तीच मनीषा पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, सायप्रसच्या क्लबकडून युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली. तिथवर पोचलेली ती पहिली भारतीय.

गणितही मांडा. इराणशी बरोबरीचा एक गुण, तैपेईला हरवलं असतं तर आणखी तीन, एकूण चार. चीनकडून हरलो असतो तरी गटात दुसरे येण्याची पुरती संधी होती. प्रत्यक्षात दुसरी आली तैपेई. ३० जानेवारीला पुण्यात बालेवाडीला उपांत्यपूर्व फेरीत तिची गाठ फिलिपाइन्सशी पडली. १-१ बरोबरी, आणि पेनल्टीत ३-४ अशी हार. त्या विजयावर फिलिपाइन्स पहिल्यांदा विश्वचषकाला गेलं. बालेवाडीच्या मैदानावर विश्वचषकाचं तिकीट काही पेनल्टींच्या अंतरावर होतं. तिथे आपण असतोच, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. नसतोच, हे तुम्ही कशाच्या जोरावर म्हणता?

राहिला इराणचा सामना. २० जानेवारीला भारत-इराण ०-०. आपल्या मुलींनी संधी दवडल्या, हे मान्य. इराणची गोलरक्षक झोहरे कूदाई अडवत राहिली. इराण पहिल्यांदाच या स्पर्धेत आलं होतं आणि पहिल्याच सामन्यात यजमानांकडून एक गुण घेऊन गेलं. शिट्टी वाजल्यावर त्या मुली काय खूष होत्या! तीन दिवसांनी भारताला बाद केलं तेव्हा भारताचे सगळे सामने रद्दबातल ठरले, आणि इराणचा तो गुणही पुसला गेला. त्यांनी तर कुठलंच कलम मोडलं नव्हतं. पुढे चीनकडून ०-७, तैपेईकडून ०-५, आणि त्या शून्य गुणांनी घरी परतल्या.

आमच्या चौदा जणींपैकी एक गोलरक्षक आहे. त्या रात्री तिने मला विचारलं होतं, ‘ताई, पण त्या इराणच्या गोलीने तर सगळे बॉल अडवले होते ना?’