अहो, एसी लावून बघितला होता मी!

नमस्कार सर. तुमची कमेंट परवाच वाचली, पण तेव्हा उत्तर दिलं असतं तर भलतंच काहीतरी लिहून बसलो असतो म्हणून थांबलो. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, मी घेतलेल्या जुन्या गाडीच्या एसी-हिटरच्या कटकटीवर पोस्ट लिहिली होती, त्यावर यांचं म्हणणं असं की एसीचा गॅस संपत नसतो, लीक होतो, त्यामुळे 'दर उन्हाळ्यात गॅस भरून घ्या' हा माझा सल्ला चुकीचा, हिटर कोमट असेल तर आधी थर्मोस्टॅट (इंजिनच्या गरम पाण्याचा रस्ता उघडणारी-मिटणारी झडप) बघा, आणि "जुनी गाडी घेताना दहा मिनिटं एसी-हिटर लावून बघितला असता तर ही रडारड करावी लागली नसती, बेसिक गोष्ट आहे." वर हात जोडलेली इमोजी.

आधी माझी चूक. 'गॅस संपला' हे ढिसाळ लिहिलं गेलं, सिस्टीम बंदिस्त असते, गॅस काही पेट्रोलसारखा जळून जात नाही. बोलताना सगळेच तसं म्हणतात म्हणून लिहिलं. झालं?

आता ती दहा मिनिटं. अहो दहा कसली, चांगली अर्धा तास फिरवली गाडी, ब्लोअर फुल, व्हेंटसमोर हात धरून, आणि हवा एकदम बर्फ! येणारच ना, आधीच्या मालकाने नुकताच गॅस भरलेला असणार आणि बारीक लीकमधून तो जायला महिने लागतात, ते अर्ध्या तासात हाताला कसं कळणार ते तुम्हीच सांगा. हिटरचंही तेच. नॉब लालवर नेला की डॅशबोर्डच्या आतून टकटक येते, दहाबारा वेळा, मग गप्प. गरम-गार हवा मिसळणारी जी झडप असते तिच्या मोटरची प्लास्टिकची दातेरी चाकं झिजलीयेत. त्या दिवशी ती टकटक ऐकू आली नाही कारण रेडिओ चालू होता, आणि तो मालकानेच लावला होता, हे मला घरी आल्यावर सुचलं. थर्मोस्टॅट उघडा अडकला असता तर इंजिनच्या तापमानाचा काटाही खालीच राहिला असता, माझा बरोबर मध्यावर येतो. तेव्हा तो विषय संपला.

आणि बेसिकचं म्हणाल तर ही माझी तिसरी जुनी गाडी. पहिलीत काचेवर आतून चिकट वाफ धरायची, गोडसर वास यायचा, पायाखालचं कार्पेट ओलं. सगळे म्हणाले एसीच्या पाण्याची नळी तुंबली असेल. मी बोट लावून बघितलं, बुळबुळीत लागलं, म्हटलं हे कूलंट आहे, इंजिन थंड ठेवणारं पाणी, हिटर कोअर गळतोय, म्हणजे ज्यातून ते गरम पाणी फिरून हवा तापते तो डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर. तोच निघाला. तेव्हा कोणी कमेंट करून शिकवायला नव्हतं आलं.

यूव्ही डाय (निळ्या दिव्यात चमकणारा रंग) टाकून लीक शोधा, आर-१३४ए म्हणजे हा एसीचा गॅस हवेत जाणं तापमानवाढीसाठी कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारपटीहून जास्त वाईट वगैरे तुमचं, ठीक आहे, वाचलं. इव्हॅपोरेटर (डॅशबोर्डच्या आत हवा गार करणारी जाळी) लीक निघाला तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, ते तुम्ही येऊन करणार आहात का?

आणि हो, काल कॉम्प्रेसरजवळच्या पाइपच्या जॉइंटवर तेलकट धूळ चिकटलेली दिसली. गॅसबरोबर तेलही फिरतं, म्हणजे लीक तिथेच असणार, हे सांगायला परत कमेंट टाकू नका, मला माहितीये. जॉइंटमधली ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, बदलून घेतोय. ते मी तुमच्या कमेंटच्या आधीच ठरवलं होतं.