रूसेलला वेरूळपुरता ठेवू नका

वेरूळवर एक फ्रेंच ऑर्केस्ट्रा-रचना आहे, १९१०-११ मध्ये लिहिलेली. ही माहिती कुठल्याही ग्रुपवर टाकली की दोन मिनिटांत अंगठे, झेंडे आणि 'आपल्याच लोकांना किंमत नाही' सुरू होतं. रचना मात्र कोणी ऐकत नाही, आणि पुढच्या फॉरवर्डपर्यंत लिहिणाऱ्याचं नावही गळून पडलेलं असतं. नाव आल्बेर रूसेल. जन्म १८६९, मृत्यू १९३७. माझ्या मते विसाव्या शतकातल्या पहिल्या फळीतल्या फ्रेंच संगीतकारांपैकी एक. पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकणाऱ्यांनाही देब्युसी आणि राव्हेल ओठावर असतात, याचं नाव घेतलं की 'कोण?' म्हणतात.

उत्तर फ्रान्समधल्या तुर्क्वँ या कापडगिरण्यांच्या गावात जन्म. आईवडील लहानपणीच गेले, नातेवाइकांकडे वाढला. अठराव्या वर्षी नौदलाच्या शाळेत दाखल झाला, अधिकारी झाला, आताच्या व्हिएतनामपर्यंत जाऊन आला. बोटीवर असतानाच फावल्या वेळात स्वररचना करायचा. पुढची गोष्ट मला फार आवडते. काल्वे नावाच्या एका सहकाऱ्याने त्याची एक रचना मागून घेतली, म्हणाला, कोलोनला दाखवतो. एदुआर कोलोन म्हणजे पॅरिसमधला तेव्हाचा बडा कंडक्टर. काही दिवसांनी काल्वे निरोप घेऊन आला: कोलोन म्हणतो, नौदल सोड आणि पूर्णवेळ संगीत कर. १८९४ मध्ये रूसेलने खरंच राजीनामा दिला. काल्वेने नंतर कबूल केलं की कोलोनला त्याने काही दाखवलंच नव्हतं. थाप होती! अशा थापा मारणारे मित्र सगळ्यांना मिळोत.

म्हणजे पंचविशीत नोकरी सोडली आणि जवळपास तिशीत संगीतकार वँसाँ दांदीच्या स्कोला कांतोरुम या पॅरिसमधल्या संगीतशाळेत विद्यार्थी म्हणून नाव घातलं. १९०२ पासून तिथेच काउंटरपॉइंट, म्हणजे एकाच वेळी अनेक सुरावटी गुंफायचं तंत्र, शिकवायला लागला. त्याच्या वर्गात संगीतकार एरिक साती येऊन बसला, जो मास्तरांपेक्षा तीन वर्षांनी मोठा होता. पुढे संगीतकार म्हणून नावाजलेला एदगार वारेझही त्याचा विद्यार्थी, नंतर बोहुस्लाव मार्टिनूही. साती, वारेझ आणि मार्टिनू यांच्या संगीतात एकमेकांशी मेळ खाणारं जवळपास काही नाही. शिष्यांवर स्वतःचा ठसा न मारणारा गुरू आपल्याकडे घराण्यांच्या भाषेत बोलणाऱ्यांना कमी वाटेल, मला तर तोच मोठेपणा वाटतो.

१९०९ मध्ये बायको ब्लांशबरोबर तो भारतात आला. लग्न आदल्याच वर्षी झालेलं. मुंबईत उतरला, वेरूळ पाहिलं, जयपूर, चितोड, बनारस पाहिलं. त्यातून 'एव्होकासियों' ही तीन भागांची रचना झाली: पहिला भाग लेण्यांच्या सावलीतले देव, दुसरा जयपूरचं गुलाबी शहर, तिसरा गंगाकाठ. तिसऱ्या भागात गायकवृंद आहे आणि बनारसच्या घाटावर एका फकिराकडून ऐकलेली धून आहे. वेरूळच्या भागात मात्र एकही उसनी धून नाही. आपल्या लोकांची निराशा होते ती इथेच. त्यांना तिथे तबला आणि सतारीसारखं काहीतरी हवं असतं. रूसेलला ते नको होतं. त्याने जे घेतलं ते उजेडातून अंधारात शिरताना डोळ्यांना लागणारा वेळ. सुरुवातीला आकार दिसत नाहीत, मग हळूहळू खालच्या वाद्यांतून मोठे होत जातात. कैलास लेणं मी भर दुपारी पाहिलंय. आतल्या गाभाऱ्याकडे जाताना असंच होतं.

भारतीय सुरांचा थेट वापर पुढे १९२४ मध्येही दिसतो. 'बासरीवादक' नावाच्या चार छोट्या तुकड्यांत तिसरा तुकडा 'कृष्ण'. बासरी आणि पियानो, जेमतेम तीन-चार मिनिटं. पाश्चात्त्य पट्टीतला 'ए' हा षड्ज धरला तर सूर येतात ते असे: कोमल रिषभ, शुद्ध गंधार, तीव्र मध्यम, पंचम, कोमल धैवत, शुद्ध निषाद. म्हणजे 'पूर्वी' थाट, आणि रूसेलच्या डोक्यात होता श्री राग. आता यात श्रीचं चलन, म्हणजे रागाची ठरलेली चाल, शोधत बसू नका. श्रीचा तो हलता, दुखरा कोमल रिषभ पियानोच्या पट्टीतून निघणारच नाही. पण त्या सुरांची संध्याकाळ त्याला कळली होती. पियानो खाली थांबून राहतो, बासरी रिषभावर रेंगाळते, घाई कुठेच नाही. माझ्या ओळखीतल्या एका गायकाला मी नाव न सांगता हे ऐकवलं. तो म्हणाला, 'राग नाही, पण माणूस खोटा नाही.' यापेक्षा नेमकं मला सांगता येणार नाही.

पहिल्या महायुद्धात तब्येत धड नसताना तो स्वतःहून गेला. आधी रेडक्रॉसची रुग्णवाहिका चालवली, मग तोफखान्याच्या वाहतुकीवर अधिकारी. पुढे नॉर्मंडीत वारांज्व्हीलजवळ समुद्रकाठी घर घेतलं. लफडी नाहीत, वेडाचे झटके नाहीत, जाहीरनामे नाहीत. चरित्रपट काढायला कोणी धजावणार नाही असं आयुष्य. त्याच्या उपेक्षेचं निम्मं कारण मला हेच वाटतं. उरलेलं निम्मं म्हणजे त्याला कप्पा नाही. देब्युसीची धूसर छटा त्याने लवकरच मागे टाकली, आणि युद्धानंतरच्या तरुण पोरांची टिंगलखोरी त्याच्या स्वभावात नव्हती. कोणत्याच टोळीत नसलेल्या माणसाची आठवण टोळ्या कशाला काढतील?

ज्यांना वाटतं की तो नुसता सुंदर वातावरण रंगवणारा होता, त्यांनी तिसरी सिम्फनी लावावी. बोस्टन सिम्फनी या अमेरिकन ऑर्केस्ट्राने आपल्या पन्नाशीसाठी मागवली होती, ऑक्टोबर १९३० मध्ये त्यांचा कंडक्टर कुसेवित्स्कीने ती पहिल्यांदा वाजवली. (त्याच निमित्ताने स्त्राविन्स्कीकडून आलेली रचना आज जगभर वाजते. असो.) पहिल्याच क्षणी अख्खा ऑर्केस्ट्रा पाय आपटत आत येतो. साठीचा माणूस हे लिहितो यावर विश्वास बसत नाही. मग पाच सुरांचं एक वाक्य येतं, ते पुढे वेगवेगळ्या वेशात परत परत भेटतं. संथ भागाच्या मध्यात चक्क फ्यूग आहे, म्हणजे एकच सुरावट वेगवेगळ्या वाद्यांनी पाठोपाठ उचलत गुंफलेली रचना. सगळं मिळून पंचवीस मिनिटांच्या आत. पाल्हाळ नाही.

राहिली 'पद्मावती'. चितोडच्या पद्मिनीवरचा त्याचा ऑपेरा-बॅले, म्हणजे गाणं आणि नाच दोन्ही असलेलं संगीतनाट्य, संहिता लुई लालुआची, पहिला प्रयोग पॅरिस ऑपेरात जून १९२३ मध्ये. २००८ मध्ये पॅरिसच्याच शातले थिएटरात संजय लीला भन्साळींनी तो बसवला होता, त्यांचा याच कथेवरचा सिनेमा आला त्याच्या दहा वर्षं आधी. संहितेबद्दल माझी तक्रार आहे. खलनायक ब्राह्मण, शिवमंदिरातले विधी, शेवटी राणीच राजा रतनसेनला भोसकते, म्हणजे मग चितेवर जाणं भागच पडावं. पॅरिसच्या प्रेक्षकाला हवा तसा पूर्वेकडचा मसाला भरलाय, आणि सतीचं ते उदात्तीकरण आज ऐकताना टोचतं. ते टोचायलाच हवं. तरी दुसऱ्या अंकातलं संगीत मी सोडू शकत नाही. शब्दांविना गाणारा गायकवृंद, खाली न थांबणारी लय, आणि शेवटी अलाउद्दीन दारात पोचतो तेव्हा फक्त धूर उरलेला.

मिशेल प्लासाँने केलेलं रेकॉर्डिंग शोधा, मेरिलिन हॉर्न आणि निकोलाय गेडा असलेलं. दुसरा अंक आधी ऐका. पहिल्यात नाच आणि सरबराई फार आहे, तो नंतर एखाद्या रविवारी ऐकलात तरी चालेल.