कोवळा भोपळा आणि सोळा मात्रा

इंदूरच्या मराठी घरातल्या मुलीला दहावीत हिंदी साहित्य सोपं जाणार, हे सगळ्यांनी परस्पर ठरवलेलं असतं. 'तुला काय, बाहेर दिवसभर हिंदीच की,' असं बाबा म्हणायचे. बाहेर म्हणजे राजवाड्यावर, 'छप्पन दुकान'च्या खाऊगल्लीत आणि रिक्षावाल्याशी घासाघीस करताना. पुस्तकात मात्र सूरदास ब्रज बोलीत गात होते, तुलसीदास अवधी बोलीत, आणि आमचं इंदुरी 'क्या भिया' (म्हणजे 'काय भाऊ') दोघांपैकी कुणालाच येत नव्हतं.

आमच्या मॅडमचं मत होतं की कविता शिकवता येत नाही, ती मुलांनी आपसात उलगडायची असते. (हे मत त्यांना कॉप्या, म्हणजे उत्तरपत्रिका, तपासायच्या आठवड्यातच पटायचं, असं माझं निरीक्षण आहे.) त्यांनी वर्गाचे गट पाडले आणि आमच्या वाट्याला रामचरितमानसाच्या बालकांडातला राम-लक्ष्मण-परशुराम संवाद आला. शिवधनुष्य मोडलंय, परशुराम भडकलेत, राम नमतं घेतोय आणि लक्ष्मणाचं तोंड काही केल्या थांबत नाही.

गटात मी, तबला शिकणारा एक, घरी दर मंगळवारी मानसातल्याच सुंदरकांडाचा पाठ असणारा एक आणि सांवेरकडच्या खेड्यातून बसनं येणारी एक. गाइड फक्त माझ्याकडे. तेव्हा शिकवायचं मी आणि शिकायचं त्यांनी, अशी वाटणी मी मनात करून टाकली होती. गाइडात सगळं शिजवून वाढलेलं: संदर्भ, प्रसंग, व्याख्या, विशेष. 'विशेष'मध्ये अनुप्रास अलंकार. अनुप्रास कुठल्याही कवितेत सापडतोच, आणि नाही सापडला तरी लिहून टाकायचा. शोधत बसायला तपासणाऱ्याला तरी कुठे वेळ असतो?

सुरुवात मात्रांपासून. हा संवाद चौपाई छंदातला, आणि चौपाईच्या एका चरणात १६ मात्रा. ऱ्हस्वाची एक, दीर्घाच्या दोन. मी 'बहु धनुहीं तोरीं लरिकाईं' बोटांवर मोजायला घेतलं, तर तबलेवाला म्हणाला, ''सोलह? तो तीनताल है यार!'' आणि त्यानं बाकावर ठेकाच धरला. ओळ समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, सुरू झाली, आणि संपता संपता सम अगदी वेळेवर परत आली. लहानपणी इतकी धनुकली मोडली तेव्हा नाही रागावलात महाराज, हा टोमणा तीनतालात असा बसला की मागचे दोन बाक माना डोलवायला लागले. मॅडमनी त्याला बाहेर काढलं. टाळी देत होते म्हणून मलाही.

परत आलो तर पुढची एक ओळ अडून बसलेली. 'इहाँ कुम्हड़बतिया कोउ नाहीं'. नियमानं मोजा, कसंही मोजा, १७. एक मात्रा तुलसीदासांच्या नावे खर्ची टाकावी अशा विचारात मी होते, इतक्यात सुंदरकांडवाला ती ओळ घरच्या चालीवर म्हणून गेला. हा प्राणी हिंदीच्या तासाला एरवी हजेरीपुरतंच तोंड उघडायचा. त्याच्या गळ्यात 'को' आखूड झाला आणि १६ भरल्या! अवधीत ए आणि ओ ऱ्हस्वही म्हटले जातात, हे गाइडला ठाऊक नव्हतं. ढोलक-मंजिऱ्यावर वाढलेल्या त्या पोराला होतं. ''ऐसे ही तो गाते हैं,'' तो ओशाळून म्हणाला.

राहिला अर्थ. इथे कुणी कोवळा भोपळा नाही, जो तर्जनी पाहून मरून जाईल, असं लक्ष्मण सुनावतो. गाइडनं 'बहुत कमज़ोर व्यक्ति' लिहून हात झटकले होते. पण बोट दाखवल्यानं भोपळा का मरावा? सांवेरवाली माझ्याकडे बघतच राहिली. ''तुम लोग बेल पे उँगली दिखाते हो क्या?'' वेलीवरच्या कोवळ्या फळाकडे बोट केलं तर ते सडतं, म्हणून तिची दादी हातावर चापट मारते. दाखवायचंच तर बोट दुमडून. तिनं करूनही दाखवलं, दुमडलेल्या बोटानं, माझ्या डोक्याच्या दिशेनं.

घरी आजीला सांगितलं तर ती म्हणाली, ''मग! काकडीला पण नाही दाखवायचं.'' म्हणजे हे ज्ञान रामबागेत आमच्याच स्वयंपाकघरात पडून होतं. आजीला कुणी 'विशेष'मध्ये विचारलंच नव्हतं.

मग वर्गासमोर वाचन. लक्ष्मण सांवेरवाली, परशुराम मी, कारण मला चष्मा होता. माझ्या हातात फूटपट्टीचा परशू. 'भिया' हा शब्द मानसात नाही, पण प्रत्येक ओळीआधी तिनं तो मनातल्या मनात नक्की म्हटला. 'कुम्हड़बतिया'ला तिनं माझ्या फूटपट्टीकडे अशा नजरेनं पाहिलं की मी ती आपोआप खाली केली. राम झालेल्या तबलेवाल्याला मध्ये पडायची गरजच उरली नाही.

अर्धवार्षिक परीक्षेत नेमका हाच पद्यांश आला. मी भोपळा, वेल, दादीची चापट, आखूड 'को', तीनताल, सगळं ओतलं. अनुप्रासाला जागाच उरली नाही. पाचापैकी साडेतीन, आणि समासात लाल शेरा: 'विषय से न भटकें'. सांवेरवालीनं मधल्या काळात माझ्या गाइडची झेरॉक्स काढून घेतली होती. 'प्रस्तुत पद्यांश'पासून अनुप्रासापर्यंत तिनं एक अक्षर सोडलं नाही. पाचापैकी पाच.

माझी कॉपी तिनं शेवटपर्यंत वाचली आणि कळवळून म्हणाली, ''चापट वाली बात क्यों लिखी? वो तो सबको पता है।''