खरखर किती काढायची : एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. जुनी ग्रामोफोन तबकडी संगणकावर उतरवून साफ करताना तिची खरखर सहा-आठ डेसिबलनेच (डेसिबल म्हणजे आवाजाच्या पातळीचं माप) कमी करा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचा आक्षेप असा, की ॲडॅप्टिव्ह (स्वतःला जुळवून घेणारा) फिल्टर खरखरीचा अंदाज सतत सुधारत असतो, तर मग तिला मुळापासून का काढू नये?

अर्धा मुद्दा मान्यच आहे. सुरुवातीच्या रिकाम्या तुकड्यातून नॉइज प्रोफाइल (खरखरीचा नमुना) घेऊन तेच शेवटपर्यंत वापरणं तबकडीला चालत नाही. सुई आत सरकते तसा खरखरीचा पोत बदलतो.

पण फिल्टर शिकतो कशावरून? अभियंते बर्नार्ड विड्रो आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली मांडलेल्या पद्धतीत निव्वळ गोंगाट टिपणारा दुसरा मायक्रोफोन असतो. मोनो, म्हणजे एकाच ध्वनिमार्गाच्या, तबकडीत तो आणायचा कुठून? मग फिल्टर तर्क करतो : जे हळू बदलतं, तो गोंगाट. संशोधक रेनर मार्टिन यांच्या २००१ च्या पद्धतीत फ्रिक्वेन्सीच्या प्रत्येक पट्ट्यातल्या किमान पातळीवरून गोंगाटाचा अंदाज बांधतात. ही किमान पातळी साधारण सेकंद-दीड सेकंदाच्या खिडकीत, म्हणजे तेवढ्या वेळाच्या तुकड्यात, शोधतात. बोलण्यासाठी हे छान जमतं, कारण शब्दांमध्ये फटी असतात. गायकाने चार सेकंद एकच स्वर धरला, की त्या पट्ट्यातली किमान पातळी म्हणजे तो स्वरच! फिल्टर त्यालाच कापू लागतो आणि स्वर लांबेल तसा विझत जातो. खिडकी लांबवली तर स्वर वाचतो, पण बदलती खरखर हातून निसटते. ही ओढाताण कुठल्याही सेटिंगने संपत नाही.

शिवाय खरखर पूर्ण खरवडली, की स्पेक्ट्रममध्ये (ध्वनीतल्या फ्रिक्वेन्सींच्या चित्रात) सुटे ठिपके उरतात आणि किणकिण ऐकू येते. थोडी सळसळ ठेवली तर ती किणकिण तिच्याखाली झाकली जाते. म्हणून ती मुद्दाम ठेवायची.

टिचक्या (चऱ्यांमुळे येणारे टक-टक आवाज) मात्र आधी वेगळ्या काढा. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर आडवा चरा दर ०.७७ सेकंदाला टिचकतो आणि गोंगाटाचा अंदाज बिघडवतो.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः ऐका. मूळ मुद्रणातून साफ केलेलं वजा करा आणि उरलेलं हेडफोनवर ऐका. त्यात ‘स’, ‘श’ किंवा गायकाचा श्वास ओळखू आला, तर तुम्ही गाणं कापलं आहे. सफाईची मात्रा कमी करून फिल्टर पुन्हा चालवा. आणि हे सगळं प्रतीवरच करा, मूळ फाइलला हात लावू नका.