हेडविगला सगळं माहीत होतं

अकरावीतल्या भाच्याने काल रात्री एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, म्हणजे तिला खरंच माहीत नव्हतं?" त्या प्रश्नाने झोप उडाली.

फॉरवर्डचं म्हणणं असं: 'द झोन ऑफ इंटरेस्ट' हा चित्रपट ऑश्विट्झ या नाझी मृत्युछावणीच्या भिंतीलगत राहणाऱ्या एका साध्या जर्मन कुटुंबाची बदनामी करतो. भिंतीपलीकडे काय चाललंय याची घरातल्या बाईला कल्पना नव्हती, नवरा हुकमाचा ताबेदार होता. छावणी आतून दाखवलेली नाही, कारण दाखवण्यासारखं काही नव्हतंच. आणि त्यात कैद्यांसाठी सफरचंदं लपवणारी मुलगी मनाने रचलेली.

आधी त्या बाईचं, म्हणजे हेडविगचं. तिचा नवरा रुडॉल्फ ह्योस, ऑश्विट्झचा कमांडंट, म्हणजे छावणीप्रमुख. १९४६ मध्ये न्यूरेनबर्गला कैदेत असताना त्यानेच अमेरिकन डॉक्टरांना सांगितलं, की १९४२ मध्ये एका बड्या नाझी अधिकाऱ्याच्या बोलण्यातून छावणीतल्या कत्तलीबद्दल बायकोच्या कानावर गेलं, तिने विचारलं आणि आपण कबूल केलं. पुढे पोलंडच्या तुरुंगात लिहिलेल्या आत्मकथनात तोच सांगतो, की ऑश्विट्झमध्ये बायको-मुलांना काही कमी पडलं नाही, बायकोची बाग म्हणजे फुलांचा स्वर्ग होता. त्या बागेत कैदी राबत होते! १९४३ च्या नोव्हेंबरात त्याची बदली झाली, तरी हेडविग मुलांना घेऊन तिथेच राहिली. सगळं कळून वर्ष उलटलं होतं. मे १९४४ मध्ये तो परतला तो हंगेरीतल्या ज्यूंच्या कत्तलीवर देखरेख करायला. आठेक आठवड्यांत चार लाखांहून जास्त माणसं आगगाड्यांत कोंबून तिथे आणली. अशा बाईला 'बिचारी' म्हणायचं?

एक मान्य करावं लागेल. माणसं मारायची मोठी गॅसघरं छावणीच्या बिर्केनाउ या भागात होती, घरापासून तीनेक किलोमीटरवर. पण छावणीची पहिली दाहभट्टी घरापासून हाकेच्या अंतरावर होती आणि १९४३ पर्यंत चालू होती. मुलं लहान होती, त्यांना दोष कोणीच देत नाही.

हुकमाचं म्हणाल तर झिक्लॉन-बी या विषारी वायूची चाचणी पाहून आपल्याला हायसं वाटलं, असं ह्योसने लिहून ठेवलंय. गोळ्या घालण्यातला रक्तपात आता टळणार म्हणून!

'काही नव्हतंच' म्हणणाऱ्याने हे वाचावं: ऑश्विट्झमध्ये सुमारे ११ लाख माणसं मारली गेली, त्यांतले जवळपास १० लाख ज्यू. चित्रपट संथ आहे, हे खरं. पण छावणी त्यात सतत ऐकू येते. गोळ्या, किंकाळ्या, भट्ट्यांची घरघर. २०२४ चं ध्वनीचं ऑस्कर त्यालाच मिळालं.

आणि ती मुलगी खरी होती. अलेक्झांड्रा बिस्त्रोन-कोवोजेचिक, बाराव्या वर्षी नाझींविरुद्धच्या पोलिश प्रतिकारात उतरलेली. कैद्यांसाठी ती खाणं लपवून ठेवायची. दिग्दर्शक जोनाथन ग्लेझर तिला भेटला तेव्हा ती नव्वदीची होती. पडद्यावर दिसते ती सायकल तिचीच.

हे भाच्याला पाठवतोय. ज्या मित्राकडून फॉरवर्ड आला, त्यालाही त्याने पाठवावं.